उलटा पक्षी

रविवार, १२ जानेवारी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे मजेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतो कोण? तुझा खोकला कसा आहे?

काल नातीच्या हट्टापायी किल्ल्यावर गेलो. सात वर्षं ती वाट टाळली होती. आपण दोघा गवंड्यांनी जिथे उन्हातान्हात डागडुजी केली, तिथे आता तिकीट काढून शिरलो. गाइडबाईंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "खालचा काळा दगड पहिल्या राजाचा, मधल्या विटा नि कमान दुसऱ्याची, वरचे सज्जे तिसऱ्याचे." आपलं नाव कुठेच नाही. खरं तर चौथं घराणं आपलंच की.

मग ती कमान आली. डावीकडच्या दगडात कोरलेला पक्षी सरळ, उजवीकडचा डोकं खाली, पाय वर करून. बाई म्हणाल्या, "पहिल्या राजाची नाचक्की करायला दुसऱ्याने त्याचं चिन्ह मुद्दाम उलटं बसवलं, बरं का." लोक माना डोलवत होते. एक जण तर वहीत लिहून घेत होता. मला हसू आवरेना. ही कोपराने ढोसत म्हणाली, "अहो, लोक बघताहेत."

मी म्हणालो, "बाई, तो दगड राजाने नाही, मी बसवलाय."

कुणाचाच विश्वास बसला नाही. नातीचाही नाही. दादा, तू तरी ठेव.

त्या दिवशी तुला ताप होता. दुपारी तू परांचीखाली आडवा झालास, तेव्हा तो मी बसवला. नक्षी इतकी झिजलेली, की जवळून वर कुठलं नि खाली कुठलं कळेना. तुला उठवायला जीव झाला नाही. नंतर उठून तू फक्त सांध्यांत चुना भरलास. परांची उतरल्यावर साहेब तुझ्यावर कडाडले आणि मी मूग गिळून बसलो. तापाच्या भरात आपलाच हात चुकला असं तू धरून चाललास, थापी टाकलीस, लेकीकडे निघून गेलास. मी नुसता बघत राहिलो. मला फार लाज वाटते.

तुझा हात चुकला नव्हता.

थापी मी जपून ठेवली आहे. आमच्या परसातली भिंत पोट काढून उभी आहे. दुसऱ्या गवंड्याला हात लावू देणार नाही. शिव्या घालायच्या असतील तर त्याही इथेच येऊन घाल. भिंतीला ओळंबा मी धरीन. दगड मात्र तू बसव.

वाट बघणारा,
उजवीकडच्या पक्ष्याचा गवंडी,
तुझा धाकटा