त्या फोल्डरपुरतं नाव

प्रिय दादा,

गुरुवारी कोर्टात गुन्हा कबूल करायचं तू ठरवलंस, हे मला तुझ्या वकीलबाईंकडून कळलं. कबूल केलं तर दोन वर्षं, खटला लढून हरलास तर पाच, असं त्यांनी मला समजावलं. वर म्हणाल्या, "तुमचे भाऊ फार समजूतदार आहेत हो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समजूतदार म्हणे! लहानपणापासून तुझ्या या समजूतदारपणाने जीव नकोसा केलाय माझा. फुटलेली बरणी, हरवलेली छत्री, शेजारच्यांच्या खिडकीची काच, सगळं आपलं तुझ्याच नावावर. मी तुझ्यामागे नाक ओढत उभी आणि तू पुढे होऊन मार खायचास. आता हे पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

ऑफिस तसंच आहे. तुझ्या खिडकीपाशी आता प्रिंटर ठेवलाय, त्यावर कुणीतरी रोज अर्धा कप चहा विसरतं. जुना सर्व्हर एक तारखेला पुसून टाकणार आहेत, सगळं काम नव्या सिस्टीमवर जाणार. म्हणून साहेबांनी मला एक याद्यांचं काम दिलं. कंपनी सुरू झाल्यापासून कुणी कुणी कोड लिहिला, त्यांची नावं जुन्या नोंदींतून काढायची आणि प्रत्येकापुढे खरा माणूस लिहायचा. लोकांनी काय काय नावं टाकून ठेवलीत रे! एकाने नुसतं "मी" लिहिलंय. एकजण तीन स्पेलिंगांत सापडला. नावं निघाली तीनशे चाळीस, माणसं जेमतेम साठ. तू मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच नावाने, एकाच ईमेलने. मी तुझ्या ओळीपर्यंत आले आणि चार दिवस तिथेच अडकून बसले.

माझा पहिला दिवस आठवतो तुला? तूच चिकटवलं होतंस मला तिथे. तुझा जुना कॉम्प्युटर मला मिळाला होता, त्याच्या स्पेसबारवर तुझ्या अंगठ्याचा डाग होता आणि मी त्यावरूनही नाक मुरडलं होतं. "आली खुसपट," म्हणालास आणि खुर्ची ओढून बसलास. आधी मशीनला नाव सांग, मग काम, असं तुझं. आपण केलेला प्रत्येक बदल नाव, ईमेल आणि वेळेसकट कायमचा नोंदला जातो. खुर्चीत कोण बसलंय ते मशीन बघत नाही, सेटिंगमध्ये जे नाव असेल ते लिहून मोकळं होतं. आणि नाव ठेवायच्या जागा दोन, एक अख्ख्या मशीनसाठी आणि एक फक्त एका फोल्डरपुरती. तू अख्ख्या मशीनसाठीची ओळ मला कागदावर लिहून दिलीस आणि तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारली. मी टाइप करताना त्यातला एक शब्द गाळला. माझं नाव पडद्यावर दिसलं, मी खूश, "झालं रे!" म्हणून ओरडले. सगळं दोनदा तपासणाऱ्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. माझं नाव त्या एका फोल्डरपुरतं लागलं होतं. बाकी मशीनला तुझंच नाव राहिलं.

अँब्युलन्सला पत्ता शोधून देणाऱ्या प्रोग्रॅमचं काम आलं तेव्हा मी त्याच मशीनवर नवा फोल्डर केला. तिथे नाव घालायचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मग आईच्या ऑपरेशनचा मंगळवार. रजा शिल्लक नव्हती, म्हणून साहेबांना तू "घरून काम करतोय" असं सांगितलंस आणि हॉस्पिटलच्या बाकावर जाऊन बसलास. मी ऑफिसात. चौथा महिना चालू, दर तासाला उलटी, आणि पोटातल्या पोरीचा बाप महिन्यापूर्वीच बॅग उचलून गेलेला. त्या सकाळी मी घरनंबर वाचणारा कोड साफसूफ करायला घेतला. नंबरापुढचं अक्षर मला कचरा वाटलं, मी ते छाटलं. बारा आणि बारा-अ एकच झाले. तपासायचं होतं, पण मळमळत होतं, म्हटलं उद्या बघू. नऊ दिवसांनी बारा-अ मधल्या शिंपीणबाईंना श्वास लागला आणि गाडी बारा नंबरला जाऊन उभी राहिली, रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे. बारा-अ पलीकडे. फाटक बंद होतं. बावीस मिनिटं गेली, दादा. त्या गेल्या तेव्हा शिलाई मशीनवर अर्धा शिवलेला शाळेचा शर्ट होता, हे त्यांच्या नवऱ्याने जबाबात सांगितलं.

चौकशीच्या खोलीत ती नोंद पडद्यावर आली. वर तुझं नाव. सर्व्हरचा पासवर्ड आपला सगळ्यांचा एकच, त्यामुळे दुसरी काही खूण नव्हती. खाली वेळ होती, मंगळवार, अकरा चाळीस. अकरा चाळीसला तू हॉस्पिटलात होतास आणि त्या मशीनवर मी, हे तुला चांगलं माहीत होतं. तू माझ्याकडे वळून बघितलंस, तोंडाकडे नाही, पोटाकडे. आणि म्हणालास, "माझंच आहे." मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. मग मिटलं. आणि मला बरं वाटलं. चार वर्षं हे एक वाक्य माझ्याच्याने कुणाला सांगवलं नाही. मला बरं वाटलं होतं रे.

त्यानंतर तुझी नोकरी गेली, वहिनी सोडून गेली, तू गोदामात खोकी मोजायला लागलास. आई आठ महिन्यांत गेली. शेवटी शेवटी तू आलास की ती भिंतीकडे तोंड करायची. "निदान तू तरी नाव राखलंस," असं मला म्हणाली आणि मी तिचे पाय चेपत बसले. कोर्टात त्या शिंपीणबाईंच्या बसड्रायव्हर नवऱ्याने तुला चप्पल फेकून मारली. तू ती उचललीस आणि त्याच्या पायापाशी नेऊन ठेवलीस. मी तिसऱ्या बाकावर पोरीला दूध पाजत होते. काय बाई मी! थू माझ्या जिण्यावर.

आता ऐक. तुझ्या ओळीतल्या, पण माझ्या हातच्या एकेचाळीस नोंदींपुढे मी माझं नाव लिहिलं. त्याची प्रत काढली. तुझा जुना कॉम्प्युटर अडगळीत पडला होता, त्यात सेटिंग जसंच्या तसं आहे, मशीनला तुझं नाव, एका फोल्डरला माझं. आईच्या पिशवीत ऑपरेशनचा संमतीचा कागद सापडला, त्यावर तुझी सही आणि वेळ आहे, अकरा पस्तीस. आज सकाळी हे सगळं सरकारी वकिलांकडे देऊन जबाबावर सही करून आले. येताना त्या ड्रायव्हरच्या दारात उभी राहून त्यालाही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. उद्या तुला विचारायला माणसं येतील. तू म्हणशील, ती खोटं बोलतेय, भावाला वाचवायला बघतेय. मी ओळखून आहे तुला. तसं म्हणू नकोस, दादा, पाया पडते. त्या मंगळवारी तू कुठे होतास, तेवढंच खरं सांग. बहुतेक मला लगेच नेतील. पोरीला तुझ्याशिवाय कुणी नाही. तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही, तरी मागते, तिला तुझ्याकडे ठेवून घे. दूध गाळून दे, साय दिसली की रडते. डाव्या पायातला बूट तिला घालता येतो, उजव्याला मदत लागते. आणि तिच्या हातून काही फुटलं, आणि ती तुझ्यामागे येऊन नाक ओढत उभी राहिली, तर तू पुढे होऊ नकोस. तिचं तिला सांगू दे.

तुझीच,
खुसपट