अंगठा लागला नाही

मंगळवार, संध्याकाळ

झालं एकदाचं ते सत्तरीनंतरचं मोफत इलाजाचं सरकारी कार्ड. सत्तर पूर्ण झाले त्याच महिन्यात काढायचं होतं. सून मीनल दीड वर्ष मागे लागली होती, मीच टाळत होतो. तिथे अंगठा द्यावा लागतो म्हणून टाळतोय, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

माझे बाबा पगाराला अंगठा द्यायचे. घरी आले की शाई धोतराला पुसत बसायचे. मला चौथीपर्यंत शिकवलं ते सही येण्यापुरतं. माझ्या पहिल्या पगाराची सही बघायला माझ्या गोरव्याच्या कारखान्यापर्यंत सायकल हाणत आले होते. वेडेच.

पण गेल्या आठवड्यात छातीत कळ आली. मीनल म्हणाली, "आप्पा, दवाखान्यात पडल्यावर कार्डाच्या रांगेत कोण उभं राहणार?" मग आज गेलो मुकाट.

कार्डाच्या सेंटरवरची मुलगी मशीन पुढे सरकवून गुजरातीत म्हणाली, "काका, अंगूठो मूको ने." म्हणजे ठेवा अंगठा.

"सही करतो."

"सही तो कलेक्टरनी पण नथी चालती, काका!"

दिला मग अंगठा. मशीन घेईचना. चारदा पुसून दिला, तरी नाही. लेथवर तीस वर्षं घासून रेषाच कुठे उरल्यात? वैतागून तिने माझ्या तोंडाचा फोटो काढला आणि काम उरकलं.

म्हणजे अंगठा लागला नाहीच की. बाबांना कळायला हवं होतं. सायकल काढून आले असते.