खांद्यावर न चढलेला हुद्दा

१८ जुलै, आरमोरी
पेन्शन वाढवण्याच्या अर्जाचं उत्तर आलं. नामंजूर. विनायकची लेफ्टनंट कर्नलची बढती मंजूर झालेली, पण तो हुद्दा खांद्यावर चढण्याआधीच माझा नवरा गेला. सकाळी परेडवरून आला आणि कोसळला. म्हणून माझी पेन्शन मेजरच्याच पगारावर. नियम.
सासूबाई धानाच्या रोवणीवरून आल्या, पाय चिखलाचे. सांगितलं. "मंग मेजर म्हनूनच राहू दे नं त्याले," म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या. मी या खोलीतून त्या खोलीत.

२१ जुलै
सुधीरचा फोन. विनायकचा बॅचमेट, आता लेफ्टनंट कर्नल. म्हणाला, बढतीचा रस्ता बंद; पण मृत्यू नोकरीमुळे झाला हे दाखवता आलं तर वाढीव पेन्शन मिळेल. "वहिनी, वर बर्फातल्या पोस्टवर होता तेव्हापासून त्याची छाती दुखायची. मला माहीत होतं. डॉक्टरकडे गेला नाही. मेडिकल तपासणीत श्रेणी खाली आली असती तर बढती अडली असती. मी तसं लिहून देतो, तुम्ही अर्ज करा."
विनायक रोज फोनवर बोलायचा माझ्याशी. छातीबद्दल एक शब्द नाही.

२२ जुलै
राग. नेमका कोणावर... शाळेत सहावीला शिकवताना दोनदा तोच धडा काढला. मुली हसल्या.

२६ जुलै
सासूबाईंना सांगितलं शेवटी. तांदूळ निवडत होत्या. हात थांबले.
"माह्या पोरानं लपवलं, असं लिहून देशीन तू?"
"लपवलं तर खरंच ना, आई. गार्गीचं पुढचं शिक्षण आहे."
"मले नातीचं समजत नाई काय?"
जेवल्या नाहीत.

३० जुलै
सुधीरला विचारलं, ते 'लपवलं' काढता येईल का? "मग दुखत होतं तर डॉक्टरचा एकही कागद का नाही, हे काय सांगणार, वहिनी?"
बरोबर आहे त्याचं. तरी.

२ ऑगस्ट
उद्या वरोऱ्याला वकिलाकडे. अर्जावर सही तिथंच.
संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "त्या साहेबाले फोन लावून दे." लावला. दारात उभ्या राहून बोलल्या, पाठ माझ्याकडे.
"लई दुखत होतं काय जी त्याले?"
पलीकडचं मला ऐकू आलं नाही. बराच वेळ नुसतं "हो... हो बापू..."
फोन परत देताना एवढंच, "मीबी येतो उद्या."
सही कर की नको, बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही.