पाठीकडे बघून बोलताना

आई,

मंगळवारी, अकरा तारखेला, सकाळी साडेअकरा वाजता सांगलीतल्या एका खोलीत माझ्या पोटच्या मुलीनं मला खांद्यांना धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बत्तीस वर्षं मी साताऱ्यातल्या शाळेत मुलींना उभं केलं; निवृत्तीनंतर हे माझ्या वाट्याला. तुझ्या नातीनं बजावलं होतं, समुपदेशनाला बरोबर आलीस तरच यापुढे साताऱ्याच्या घरात पाऊल ठेवीन. म्हणून एस.टी.नं गेले. वाटलं, बोलायचं असेल; बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. पण तिथली समुपदेशक, माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींएवढी पोरगी, म्हणाली, "काकू, आज बोलायचं नाही. घरात तुम्ही दोघी कशा असता, ते या ताई तुम्हाला नुसतं उभं करून दाखवतील."

"मी काय फोटोला आलेय?"

"फोटोत तू निदान समोर तरी बघतेस," तुझी नात म्हणाली. तिनं माझे हात पोळी लाटताना असतात तसे धरायला लावले आणि मागे कुठेतरी जाऊन थांबली.

"काय दिसतंय, काकू?"

"भिंत. तीही ओल आलेली."

"वळावंसं वाटलं, की वळा."

आणि मी चौथीत आहे. हातात वक्तृत्वाचा पितळी कप, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, ज्याच्याशी बोलता त्याच्याकडे बघून बोला. म्हणून मी तुझ्या पाठीकडे बघून बोलतेय. तू चुलीशी बसून भाकरी उलटतेस. "लय विंग्रजी झालं. आधी हातपाय धू जा." दुसऱ्या दिवशी त्या कपात तू मोहरी भरलीस. तो शेवटपर्यंत तुझ्या हाताशी राहिला, मान्य. पण तोंडानं एक शब्द? मान वळवायला काय झालं होतं तुला?

मी त्या खोलीत ओरडलेच, "ही मी नाही! ही माझी आई आहे!"

मागून तुझी नात हळू आवाजात म्हणाली, "आई, माझ्या हातात दहावीचा निकाल आहे."

तेव्हा आठवलं. त्या दिवशी मी कांदा चिरत होते. न वळताच विचारलं होतं, "गणितात किती?"

सांगलीच्या त्या खोलीत मागून तिचं रडू मला ऐकू येत होतं. मी वळले नाही. गुडघा धरलाय म्हणाले आणि जवळची खुर्ची ओढून तशीच, भिंतीकडे बघत बसले. गुडघा ठणठणीत होता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येत नाही, एवढं मला कळतं. मोहरीच्या कपाखाली ठेवते आहे. पुढची वेळ अठरा तारखेची आहे, आणि तुझी नात मला पुन्हा तिथंच उभं करणार. त्या दिवशी सकाळी अकराच्या आत मला लेखी उत्तर हवं. मागे मी उभी आहे, हे तुला कळत होतं का? आणि कळत असेल, तर एवढं सांग: वळताना आधी काय हलवायचं, पाय की मान?