आठ फंक्शनांची कत्तल

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून कत्तल.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यात मोजणी करणाऱ्या चिपांसाठी ड्रायव्हर असतात. चिप चाकाचे फेरे मोजणार, ड्रायव्हर तो आकडा वर पोचवणार. एवढंसं काम, आणि त्यासाठी प्रत्येक ड्रायव्हरमध्ये अकरा फंक्शनं, म्हणजे कोडचे अकरा तुकडे. किती झाले, कोणत्या दिशेने झाले, कमाल किती, किमान किती, ओलांडलं तर कोणाला कळवायचं. इतक्या चौकशा विहीणसुद्धा करत नाही. बत्तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोसेसर शिकवला, हा गचाळपणा पाहून हात शिवशिवतात.

अकरातली आठ मारायची. तीन जगतील: सुरू कर, किती झाले ते सांग, शून्य कर. हा कोड सगळ्या जगाचा, सुधारणा कोणीही पाठवू शकतं. महिन्याअखेर माझी सुधारणा, म्हणजे पॅच, कर्नलमध्ये असेल.

रूपाला सांगितलं. बँकेतून रिटायर होऊन ही धाकटी बहीण माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून उस्मानपुऱ्यातला हा फ्लॅट सुस्त झाला आहे. ती म्हणाली, ताई, चाललंय ते चालू दे ना. असल्या माणसांमुळेच अकरा फंक्शनं होतात.

६ मार्च, गुरुवार

दुपारपर्यंत सात ठार. ‘कमाल’चं मुंडकं उडवलं. ‘किमान’ त्याच्याशेजारीच उभं होतं, त्यालाही सोडलं नाही.

आठवं ‘दिशा’. थोडा वेळ हात थांबला. मग विचार केला, माणूस मोजतो तो पुढेच मोजतो. कॉन्व्हेंटमध्ये पाढे म्हणताना कोणी मागे आलं, की सिस्टर बेनेडिक्टा फूटपट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यांवर हाणायची. रक्त यायचं. आमच्या वर्गात कोणी मागे येत नसे.

‘दिशा’ ठार. पॅच पाठवला.

९ मार्च, रविवार

खऱ्या मशीनवर चाचणी हवी. सम्यककडे गेले, बिडकीनला. माझा ब्याण्णवच्या बॅचचा विद्यार्थी, आता पन्नाशीचा. पाण्याच्या जळालेल्या मोटरी पुन्हा भरून देतो. तांब्याची तार साच्यावर गुंडाळायचं मशीन त्याने स्वतः बनवलं आहे: दांडा हाताने फिरवायचा, वेढे मोजायला चिप, चिपला छोटा कॉम्प्युटर. एका कॉइलला ऐंशी वेढे. ऐंशी झाले की बझर वाजतो.

त्याला आप्पासाहेबांच्या चोवीस मोटरी ३१ तारखेच्या आत द्यायच्या आहेत. नीट चालल्या तर वर्षभराचं काम त्याला. आप्पासाहेब मोटरी भाड्याने लावतात, त्यांच्याकडे अशा दोनशे.

सम्यक म्हणाला, “मॅडम, तुमचं काम लई भारी असंल. पण चालू मशीनला हात कशाला लावायचा? एकतीसनंतर लावू.”

मी म्हटलं, तुला सेकंड इयरला वर कोणी ढकललं? त्याने कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवला. त्यातलं मेमरी कार्ड काढून माझ्या कोडचं घातलं. जुनं कार्ड तिथल्या तिथे फॉरमॅट केलं. परतीची वाट ठेवली की माणूस ढिला पडतो.

१३ मार्च, गुरुवार. होळी

कर्नलच्या या भागाचा सांभाळ करणाऱ्या परदेशी गृहस्थाचं, म्हणजे मेंटेनरचं, उत्तर आलं. इतकं नम्र, की गळा दाबावासा वाटला. उत्साहाबद्दल आभार. पण काही मशीनं उलटीही फिरतात, तेव्हा आकडा कमी व्हायला हवा, त्यामुळे ‘दिशा’ काढता येणार नाही. शिवाय एवढा मोठा पॅच लहान तुकड्यांत पाठवावा, आणि ओळींच्या सुरुवातीला स्पेसऐवजी टॅब द्यावेत.

उलटीही फिरतात म्हणे. याच्या घरचे पंखे फिरत असतील.

उत्तर लिहिलं. रूपाने वाचलं आणि म्हणाली, ताई, यावर अटक होते. नाही पाठवलं. ईमेलची प्रिंट काढली आणि संध्याकाळी सोसायटीच्या होळीत टाकली. मग तोंडावर पालथी मूठ ठेवून त्याच्या नावाने बोंब मारली. चेअरमन नानासाहेबांनी विचारलं, हे कोण गृहस्थ. म्हटलं, मेंटेनर. त्यांना वाटलं लिफ्टचा, तेही मनापासून ओरडले.

१७ मार्च, सोमवार

विजय. सम्यकच्या दहा मोटरी भरून झाल्या, पूर्वीपेक्षा लवकर, आणि आप्पासाहेबांकडे गेल्यासुद्धा. आणि तारसुद्धा कमी लागते आहे. दहा मोटरींमागे जवळजवळ चार किलो तांबं शिल्लक.

सम्यक म्हणाला, “असं कसं काय, मॅडम?” मी म्हटलं, चांगल्या कोडचे फायदे असेच असतात, ते मोजायचे नसतात.

मेंटेनरला कळवलं: या पॅचमुळे तांब्याची बचत होते. आता बसेल तोंडावर आपटून.

२१ मार्च, शुक्रवार

आप्पासाहेबांच्या साइटवर एक मोटर जळाली. व्होल्टेज. या गावात व्होल्टेज म्हणजे दारुड्याची चाल.

२२ मार्च, शनिवार

आणखी तीन. पाण्यात गाळ असणार.

मेंटेनरने विचारलं आहे, तांबं कसं वाचतं ते समजलं नाही, खुलासा कराल का. उत्तर देणार नाही. जळू दे.

२३ मार्च, रविवार

एकूण सात. आप्पासाहेबांची माणसं मोटरी वापरतात की चुलीत घालतात? उद्या स्वतः जाऊन खडसावते. रूपा म्हणाली, छत्री नको नेऊस. नेणार.

२४ मार्च, सोमवार

छत्री नेली.

साइटचा पत्ता घ्यायला सम्यककडे पोचले तेव्हा आप्पासाहेबांची जीप दारातच होती. आप्पासाहेबांनी जळालेली मोटर सम्यकच्या टेबलावर आदळली. टेबलाची काच फुटली. वार्निशचा करपट वास घशात बसला. त्यांच्याबरोबर आलेल्या पुतण्याने मशीनला लाथ घातली. चिप बसवलेला भाग उडून भिंतीवर फुटला, कॉम्प्युटर खाली पडला. त्याने त्यावर बूट ठेवला आणि फिरवला. मग आप्पासाहेबांनी सम्यकची कॉलर धरली आणि त्याला मागे ढकलत नेऊन कपाटावर आपटलं. कपाळातून रक्त आलं.

मी छत्री हाणली. आप्पासाहेबांच्या खांद्यावर, दोनदा. तिसरा घाव पुतण्याच्या कानावर. छत्री मोडली. मग थर्मास घेतला. तो फुटला, चहा सगळ्यांवर. पुतण्या ओरडला, ही म्हातारी कोण. मी इंग्रजी शिव्यांत सांगितलं. सिस्टर बेनेडिक्टा असती तर तिने तोंड साबणाने धुतलं असतं, माझं.

आप्पासाहेबांनी कॉलर सोडली. बाईमाणसासमोर लाजले असावेत, किंवा चहा गरम होता. त्यांनी विचारलं, चूक कोणाची तेवढं सांग.

सम्यक म्हणाला, “माझी. मोजणीत गडबड झाली. एकतीसपर्यंत चोवीसच्या चोवीस पुन्हा भरून देतो, तार माझी.”

एकतीसला संध्याकाळी येतो, असं म्हणून ते गेले. एक जरी कमी असली तर शेडला कुलूप.

बरं झालं, सम्यकने कबूल केलं. चूक त्याचीच असणार. मोजणीत गडबड करायला माझ्या कोडमध्ये जागाच नाही.

२५ मार्च, मंगळवार

सम्यककडे गेले, नक्की काय चुकलास ते विचारायला. कपाळाला पट्टी होती.  जळालेली एक मोटर उघडून कॉइल काढली, माझ्यासमोर तार सोडवत वेढे मोजले. अडुसष्ट.

ऐंशी हवेत. कमी पडले की मोटर जादा करंट ओढते आणि जळते.

मग मोडक्या मशीनचा दांडा हाताने फिरवून दाखवला. तार गुंडाळताना कधी एकावर एक चढते. तेव्हा दोन वेढे मागे घ्यायचे, तार सरळ करायची, पुन्हा पुढे. कॉइलमागे दोन-तीनदा होतंच. आम्ही नेहमी असंच भरतो, म्हणाला.

दोन मागे घेतले की आकडा दोनने कमी व्हायला हवा. माझ्या कोडने ते दोन वाढवले. म्हणजे दर वेळी चार वेढे खोटे. तीनदा घेतलं तर बारा.

ऐंशीतून बारा गेले. हे गणित मी दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच आलं.

म्हटलं, चिपमध्ये दोष असेल. तो म्हणाला, “असंल, मॅडम.” म्हटलं, मग काल माझं नाव का नाही सांगितलंस. तो तार सोडवत राहिला. म्हणाला, “त्यांनी तुम्हाला हात लावला असता, तर मला मारामारी करावी लागली असती. मला ती येत नाय.”

रूपाने जेवायला वाढलं. नको म्हटलं.

२९ मार्च, शनिवार. बिडकीन

मशीनचं कार्ड नाही, कारण जुनं मी फॉरमॅट केलं. चिप नाही, कारण ती फुटली. नवी मागवली आहे, पाडव्यानंतर येईल. बाकीची कामं बंद ठेवून चौदा मोटरी झाल्या, दहा राहिल्या.

सम्यक दांडा फिरवतो. तार चढते तिकडे त्याला बघावं लागतं, मोजणं आणि बघणं एकाच माणसाला जमत नाही. म्हणून चार दिवस मी समोरच्या स्टुलावर बसते आणि मोजते. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. सूचना द्यायच्या नाहीत, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, फार अदबीने. तो सांगतो, सुरू. मी सुरू करते. तो विचारतो, किती. मी सांगते. कॉइल झाली की म्हणतो, शून्य.

दुपारी मेंटेनर कसा मूर्ख आहे ते मी त्याला समजावून सांगत होते. मध्येच दांडा थांबला.

“दोन मागं घेतले, मॅडम. किती?”

आठवेना. त्याने सगळी तार सोडवली आणि पुन्हा साच्याला बांधली.

“सुरू,” तो म्हणाला.

एक.