संयूसाठी चूल बंद

२ नोव्हेंबर, सकाळ
नातीचं, संयोगिताचं, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या घरी. आठवा लागला. मी पणजी होणार. सगळ्या शिवाजी पेठेत सांगून आले, दूधवाल्याला दोनदा. पोरीला लहानपणापासनं दमा, म्हणून तिची एकच अट. म्हणली, आज्जी, धूर नको. मी म्हणलं, झालंच म्हण. आजपासनं घरामागच्या परड्यातली चूल बंद. पाणी तापवायचा बंब बी बंद.

५ नोव्हेंबर
बंब पेटवला. उरलेल्या शेणी संपवायला नकोत? संपवणं म्हणजे बंद करणंच की.

११ नोव्हेंबर
सून मोनानं इंडक्शन आणलं. काचेची पाटी, जाळच दिसत न्हाय. भाजी गॅसवर, दूध इंडक्शनवर. चुलीला काम उरलं चार आणे. म्हणजे बारा आणे बंद.

१९ नोव्हेंबर
शाहूपुरीतला खाणावळवाला कृष्णात आलता. म्हणला, मावशी, चुलीवरच्या भाकरीला गिऱ्हाईक येडं झालंय, रोज साठ द्या. एवढ्या लांबनं आलेल्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं? घरच्या भाकरी मात्र गॅसवरच. घराची चूल बंदच हाय, ही धंद्याची.

२७ नोव्हेंबर
संयूचा फोन. ती कॉलेजात शिकवते, कोळसा, तेल असलं काय काय. विचारलं, जगातनं कोळसा जाणार म्हणं? म्हणली, सगळी तसंच म्हणत्यात, आज्जी. उन्हाची वीज आली, वाऱ्याची आली, कोळशाचा वाटा कमी झाला. पण जाळणंच एवढं वाढलंय की कोळसा काय घटला न्हाय. लाकडं बी जळत्यातच. मग म्हणली, तुझं किती कमी झालं? मी म्हणलं, बारा आणे. खोटं काय हाय त्यात? लई हसली. म्हणली, जगाला जमंना आणि माझ्या आज्जीला जमलं. दिवसभर पाय जमिनीला लागंनात माझे.

८ डिसेंबर
लाकडाचा टेम्पो आला. पूर्वी वर्षाला एक पुरायचा, हा महिन्याभरातला दुसरा. मोना म्हणली, आत्या, संयूला काय सांगणार? ती यायच्या आदल्या दिवशी बंद करीन म्हणलं. तांब्याभर पाण्यानं विझतीया चूल.

२० डिसेंबर
काल विझवली. परडं सारवलं. भिंती पुसल्या. आज संयू आली. धूर कुठंच नव्हता. पण वास गादीला, पडद्याला, माझ्या लुगड्याला. गळ्यात पडली आणि खोकायलाच लागली. तोंडात पंप मारला तरी थांबंना. मोनानं लाकडाचा ढीग झाकला नव्हता. संयूनं तो बघितला. म्हणली, आज्जी, तू खोटं बोलली न्हाईस. मीच उलटं विचारलं. किती जळतंय, ते विचारायला पाहिजे होतं. चहा न घेता नातजावयानं गाडी कागलकडं वळवली, तिच्या सासरी.
चूल मी कुदळीनं फोडली. कृष्णातला न्हाय म्हणून सांगितलं. दोन मिनिटांचं काम होतं.

१७ जानेवारी
कागलला आज बारसं. मुलगी झाली. व्हिडिओवर बघितली, डोळे मिटलेलेच होते.
कागलला जायचं म्हणून सकाळपासनं दोनदा डोक्यावरनं न्हाले. नवी साडी नेसले. मोनाला म्हणलं, वास घेऊन बघ. तिनं माझ्या केसांत नाक घातलं. मग म्हणली, आत्या, मी जाऊन येते, फोटो पाठवते.
बरं म्हणलं. जवळनं काढ.