साळूच्यापेक्षा मोठा डबा

३ एप्रिल २००६, सोमवार
साळूबाई माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत. तिनं गेल्या वर्षी सगळ्या घराच्या पाण्याला फिल्टर बसवला. दारातच, नळाच्या पाइपावर निळा डबा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगती, "आम्ही चूळबी फिल्टरची भरतो." भर बाई. मी जळत न्हाई. लग्नात बी शालू तिलाच भारी आल्ता, तवाबी जळले न्हाई. अंबडचं नगरपालिकेचं पाणी, तुरटी फिरवली की झालं.

५ एप्रिल
नात मुक्ताचा फोन. रविवारी बाळाला घेऊन येती. माझा पणतू! जावळ काळंभोर हाय म्हणे. माझ्या लेकावर, वसंतावर गेलं असंल. वसंता लहानपणी माती खायचा, ते जाऊ द्या. मुक्ता म्हणली, बाळाची आंघोळ साळूआजीकडं करू, तिच्याकडं फिल्टर हाय.
माझ्या पणतवाला साळू न्हाऊ घालणार?
फिल्टर घ्यायचा. तब्येतीसाठी.

६ एप्रिल
वसंता म्हणला, आई, नळ चार दिवसाला येतो, गाळायचं काय? बाप्याला काय कळतं. संपत प्लंबर म्हणला, "आजी, नळाला जोर न्हाई. वर टाकीखाली बसवू." मी इचारलं, तिथं लोकाला दिसंल का? न्हाई म्हणला. मंग दारातच बसव. साळूच्यापेक्षा मोठा.

८ एप्रिल
बसला! हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. साळू बघून हसली. "छान हाय, अक्का." जळली बिचारी.

९ एप्रिल, रविवार, सकाळ
नळ आला अन् गेला. आपल्याकडं नुसती करंगळीएवढी धार. टाकीचा तळ बी भिजला न्हाई. साळूची टाकी वरून सांडून राह्यली. तेवढ्यात मुक्ता आली. बाळ माझ्याकडं बघून हसलं, बोळकं पसरून! त्याला तेल-हळद लावून बसले. घरात तांब्याभर पाणी न्हाई.

दुपार
घागर घेऊन साळूकडं गेले. तिनं भरून दिली. मी म्हणले, तुझा फिल्टर बराय बाई, पाणी अडवत न्हाई. ती कानाशी येऊन म्हणली, "अक्का, आतली गाळणी मी दिवाळीलाच काढून टाकली. टाकीच भरंना. डबा नुसता दिसायला. कुणाला सांगू नका."
पणतवाला न्हाऊ मीच घातलं. आधी तुरटी फिरवली.

१३ एप्रिल
संपतकडून आतली गाळणी काढून घेतली. टाकी भरली. डबा दारातच ठेवला, रोज पुसते. साळूच्यापेक्षा चार बोटं मोठा हाय.
आज समोरच्या द्वारकाबाई थांबून बघत व्हत्या. मी सांगितलं, आम्ही चूळबी फिल्टरची भरतो.